थेन ओव्हरसनच्या लगोऱ्या

निवृत्त झालेल्या माणसापुढे आमच्या दक्षिण युटात दोनच वाटा असतात. सेंट जॉर्जला गोल्फच्या मैदानाकाठी बंगली घ्यायची, नाहीतर त्याआधी मरायचं. माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, थेन ओव्हरसनने, तिसरी काढली. तो राष्ट्रीय उद्यानाचा स्वयंसेवक झाला. पगार शून्य, पण पाठीवर अक्षरं असलेलं हिरवं जाकीट मिळतं. ते घालून तो चर्चलाही आला असता, माझ्या बहिणीने, वर्लीनने, बटणं लपवली म्हणून वाचलो.

त्याचं काम लगोऱ्या पाडण्याचं. उद्यानातल्या घळीच्या वरच्या अंगाला नुसता लाल खडक आहे. त्यावर पाऊल उमटत नाही, त्यामुळे पायवाट अशी नाहीच. उद्यानवाले थोड्या थोड्या अंतरावर दगडांचा छोटा ढीग रचून ठेवतात आणि माणसं एका ढिगावरून दुसऱ्याकडे बघत चालतात. मग पर्यटक येतात. त्यांना एवढे दगड बघून एकदम अध्यात्म होतं. ते एकावर एक रचून स्वतःची लगोरी उभारतात, फोटो काढतात आणि जेवायला जातात. मागून येणारा तिलाच वाट समजतो आणि थेट कड्यावर पोचतो. म्हणून पर्यटकांची लगोरी दिसली की पाडायची.

थेन हे काम फार मनापासून करी. एक डच बाई आपल्या लगोरीसमोर डोळे मिटून बसली असताना त्याने ती लाथेने उडवली, ही पहिली तक्रार. दुसऱ्या तक्रारीत कॅलिफोर्नियाचा एक दंतवैद्य होता आणि थेनने त्याच्या संस्कारांबद्दल केलेली काही विचारणा होती. रेंजर ओडेगार्ड ही मिनेसोटाची मुलगी, वयाने थेनच्या निम्मी. तिने त्याला अतिशय गोड शब्दांत सांगितलं, की आता आणखी काही घडलं तर जाकीट परत करावं लागेल. ती इतकं गोड बोलली, की थेन रात्रभर झोपला नाही.

आणि जाकीट गेलं की सेंट जॉर्ज, हे वर्लीनने ठरवून टाकलं होतं. जेवणाआधीच्या प्रार्थनेत ती म्हणायची, "हे स्वर्गातल्या पित्या, या अन्नाला आशीर्वाद दे, आणि थेनच्या हातून जे घडायला हवं ते लवकर घडू दे." आम्ही आमेन म्हणायचो. थेनसुद्धा म्हणायचा, सवयीने.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आम्ही तिघं वर निघालो. वर्लीनच्या हातात नारळाचं सरबत घातलेल्या कोकचा बादलीएवढा पेला, माझ्या पाठीवर आदल्या दिवशीच्या मयताच्या जेवणातले उरलेले चीज-बटाटे. थेन पुढे. दिसली लगोरी की लाथ, आणि प्रत्येक लाथेबरोबर एक व्याख्यान.

"थेन, यातली एखादी खरी असली तर?" मी विचारलं.

"लॅमार, नीट बघ जरा. खाली मोठा दगड, वर लहान, कुठे डुगडुगत नाही. किती देखणी आहे!"

"मग?"

"मग काय? फेडरल सरकारचं काम आहे हे? माझ्या आजोबांचं कुरण घेऊन उद्यान केलं यांनी. तेव्हापासून इथे एक गोष्ट यांनी सरळ उभी केली असेल तर दाखव. सरकारी ढीग कसा असतो माहितीये? बैल बसून उठल्यासारखा." आणि त्याने लाथ घातली.

यात तर्काची चूक मला दिसेना. आमच्या गावात कुणालाच दिसली नसती.

माथ्यावर बसून आम्ही बटाटे खाल्ले. उठून परतीसाठी वळलो, तर खाली एकही ढीग नाही. चहूकडे एकसारखा लाल खडक, कुणी डोंगर भाजून ठेवल्यासारखा. आणि दोन्ही बाजूंना तो मधेच संपत होता.

"हिवाळ्यात नवीन माणसं लावली होती म्हणे ढिगांना," वर्लीन पेल्यातला बर्फ हलवत म्हणाली. "रेंजरबाईच सांगत होती. त्यातला एक जण शिल्पकला शिकलेला आहे."

आमच्याच पाठोपाठ चढून आलेली पंधरा-वीस माणसं जमली होती. सगळ्यांनी जाकीट बघितलं आणि विचारलं, "साहेब, वाट कुठून?"

"थांबा जरा," थेन म्हणाला. त्याचा आवाज मी प्रथमच एवढा बारीक ऐकला.

"सरक बाजूला," वर्लीन म्हणाली आणि उतरू लागली. "हे वाकडं झुडूप. इथे तू लांडग्यांवर बोललास. डावीकडे चल. या भेगेपाशी प्राप्तिकर. आता तो ठिपक्यांचा खडक शोध, तिथे माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा उद्धार केलास."

"तू ऐकत होतीस?"

"सदतीस वर्षं ऐकतेय. दुसरं काय करणार?"

ती जिथे थांबेल तिथे थेन गुडघ्यावर बसून दगड रचायचा, मागच्यांसाठी. ढीग बैल बसून उठल्यासारखे होत होते.

निम्मं उतरलो आणि समोरून रेंजर ओडेगार्ड आली. तिने वरचे ढीग पाहिले आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"मिस्टर ओव्हरसन, ही कुणाची घाण? आमचे ढीग असे नसतात. पाडून टाका बरं."

माणसं अजून वर होती, ढिगांकडे बघत बघत उतरत होती. लाथ घातली की जाकीट वाचत होतं. वर्लीन सरबत प्यायची थांबली.

थेनने टोपी काढली. "मला साक्ष द्यायची आहे," तो म्हणाला.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी कुणीही उठून चर्चमध्ये साक्ष देतो, आणि एकदा उठलेला माणूस रडल्याशिवाय खाली बसत नाही. मिनेसोटाच्या मुलीला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. थेनने पणजोबा धर्मापायी हातगाडी ओढत मैदानं तुडवून आले तिथून सुरुवात केली. आजोबांचं कुरण आलं, गाई नावानिशी आल्या. मग सरकारला देखणं काही जमणार नाही असं मानण्याचं पाप आलं, आज पाडलेला एकेक खरा ढीग आला, आणि तो रडू लागला. उतरणारी माणसं टोप्या काढून उभी राहिली. एका म्हाताऱ्याने आमेन म्हटलं.

"ठीक आहे," रेंजर म्हणाली. "मिस्टर ओव्हरसन, ठीक आहे."

"अजून माझ्या आईबद्दल राहिलंय," थेन हुंदका देत म्हणाला.

"नको! जाकीट ठेवा. पण दगडाला हात लावायचा नाही. पाय तर नाहीच. सोमवारपासून तुम्ही खाली, गाड्या लावायच्या जागेवर. जागा भरली की लोकांना परत पाठवायचं."

"मी नाही म्हणू शकतो? कुणालाही?"

"कुणालाही."

थेनने डोळे पुसले. वर्लीनने उरलेलं सरबत खडकावर ओतून टाकलं.

आता तो फाटकाशी उभा असतो. प्रत्येक काच खाली करवून जागा नसल्याचं आधी कारण सांगतो, मग त्या कारणाचा इतिहास. गाड्यांची रांग हमरस्त्यापर्यंत जाते. तक्रारी अजून आलेल्या नाहीत, कारण तक्रार करायला आत जावं लागतं.