दुसरा हात

आठ घरांच्या त्या इमारतीतली सात बाथरूम मिस्त्रीने जीव लावून केली आणि आठवं उरकलं.

इमारत प्रार्थनाघराच्या मंडळींनी उभी केली होती. भाडं परवडत नाही म्हणून दर वर्षी बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांना हक्काचं, स्वस्त घर द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. प्रार्थना संपली की दाराशी पेटी फिरायची. बेकरीवाल्याने वर्षभर आठवड्यातल्या एका दिवसाचा गल्ला दिला. कुणी सिमेंट दिलं, कुणी खिडक्या दिल्या. ज्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं ते सुट्टीच्या दिवशी येऊन विटा वाहायचे. मिस्त्री फरशीचं काम करायचा. एका सभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, "आठही बाथरूम माझ्याकडे. मजुरी नको." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी बसलेली बायको हळूच म्हणाली, "बोलून तर बसलात, आता निभावा."

त्याने निभावलं. बाथरूमच्या कामात टाइल्स दिसतात, पण खरं काम टाइल्सच्या खाली असतं. आधी स्लॅब घासून कोरडा करायचा, मग पाणी अडवणाऱ्या रसायनाचा एक हात द्यायचा, तो वाळला की आडवा दुसरा हात, कोपऱ्यांत जाळी. त्यानंतर पाणी जायच्या भोकाचं तोंड बांधून पाणी भरायचं आणि तीन दिवस तसंच ठेवायचं. खालच्या छताला ओल आली नाही तरच पुढे जायचं. सात वेळा मिस्त्रीने हे सगळं केलं. तीन-तीन दिवस तो खालच्या मजल्यावर जाऊन छताला तळहात लावून बघायचा.

आठव्याच्या वेळी एका हॉटेलचं काम आलं. मुकादमाचे फोनवर फोन. इकडे गृहप्रवेशाचा दिवस ठरलेला, देणगीदारांना आमंत्रणं गेलेली. मिस्त्रीने पहिला हात दिला, तो वाळेपर्यंत बिडी ओढली, आणि दुसरा हात न देताच वर भराव टाकला. पाणी भरून बघितलं नाही. तेव्हा त्याच्या मनात एक वाक्य आलं होतं, ते पुढे त्याला कधीच विसरता आलं नाही. फुकटात एवढं तरी कोण करतं?

देखरेखीवरच्या इंजिनिअरने जिन्यातूनच विचारलं, "झालं का?"

"झालं," मिस्त्री म्हणाला.

ते आठवं घर एका शिंप्याला मिळालं. अर्धांगवायूने त्याची उजवी बाजू गेली होती, बोलणंही गेलं होतं. त्याचं मशीन आता त्याची बायको चालवायची, लोकांचे कपडे सैल-घट्ट करून द्यायची. गृहप्रवेशाच्या दिवशी तिने बाथरूमच्या भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, आजवर सहा घरं बदलली, पण ह्यांना खुर्चीवर बसवून आंघोळ घालता येईल एवढी जागा कुठे नव्हती." मिस्त्री हसला आणि पाहुण्यांच्या गर्दीत मिसळून गेला.

पाच-सहा महिन्यांनी दुसऱ्या इमारतीचं वारं वाहू लागलं. कामाची सूत्रं नर्सबाईंकडे होती. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढून निवृत्त झालेल्या, आवाज जरबेचा, मन लोण्यासारखं. त्यांनी मिस्त्रीला बोलावून घेतलं.

"ह्या वेळी पत्रकावर तुमचा हात छापायचाय. थापी धरलेला. शेठ लोकांचे फोटो बघून कुणाचा खिसा सैल होत नाही. कष्टाचा हात बघितला की लोक देतात."

मिस्त्री नको-नको म्हणाला. त्यांना वाटलं, लाजतोय.

त्याच बैठकीत आणखी एक विषय निघाला. शिंप्याच्या खाली राहणाऱ्या पोस्टमनची तक्रार होती. बाथरूमच्या छताला ओल आली होती, पोपडे सुटले होते, कपाटातली पांघरुणं कुबट झाली होती.

"वर आजारी माणूस आहे," नर्सबाई म्हणाल्या. "ती दिवसातून दोनदा आंघोळ घालते त्यांना. बादल्याच्या बादल्या ओतते. मी सांगितलंय तिला, पाणी जपून वापर म्हणून." मग त्या मिस्त्रीकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. खरं सांगायला ह्याहून सोपी वेळ येणार नव्हती. पण मिस्त्रीच्या तोंडून शब्द आले ते असे, "पाणी फार साचलं तर झिरपायचंच."

विषय तिथे संपला. मिस्त्री घरी आला, जेवायला बसला, आणि अर्ध्या जेवणावरून उठला. बायकोने विचारलं तर म्हणाला, पित्त झालंय.

आठवडाभर त्याने तग धरला. मग एका सकाळी व्हाइट सिमेंटची पिशवी घेऊन तो शिंप्याच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "टाइल्सचे सांधे बघून घेतो जरा, वहिनी."

"या की. बरं झालं आलात."

बाथरूम खडखडीत कोरडं होतं. बादली पालथी घातलेली, तिच्या बुडावर धूळ. आंघोळीची प्लास्टिकची खुर्ची भिंतीशी उभी करून ठेवलेली. मिस्त्रीने वळून बघितलं. बाहेरच्या खोलीत पलंगावर प्लास्टिक अंथरून शिंपीण नवऱ्याचं अंग ओल्या फडक्याने पुसत होती. पातेल्यात तांब्याभर पाणी. शिंपी छताकडे डोळे लावून पडला होता. तिने त्याला कुशीवर वळवलं तेव्हा पाठीवर, बरगड्यांच्या खाली, लाल चट्टे दिसले.

"आंघोळ नाही घालत आता?" मिस्त्रीने विचारलं.

"नाही हो. खालच्यांच्या घरात पाणी जातं. लोकांनी पै-पै जमवून दिलेलं घर, आणि त्यातही आम्ही दुसऱ्याला त्रास द्यायचा? पोस्टमनकाका तर बोलायचेच बंद झालेत. मीसुद्धा कपडे-भांडी बाहेरच्या नळावर धुऊन घेते." तिने फडकं पिळलं. "ह्यांना मात्र जड जातंय. अंगावर पाणी पडलं की गुणगुणायचे. तेवढाच आवाज निघतो ह्यांचा. आता तोही नाही."

मिस्त्रीने मान खाली घालून सांधे भरले. त्या भरण्याने काडीचाही फरक पडणार नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी त्याने एकेक सांधा निगुतीने भरला, पुसला. निघताना तिने चहा दिला. तो त्याने घेतला.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "माझ्या घरात कुठे गळतंय?"

दुसऱ्या दिवशी तो प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत गेला. नर्सबाई एकट्याच बसून पत्रकांच्या घड्या घालत होत्या. वरच्याच पत्रकावर त्याचा हात होता, नखांतल्या सिमेंटसकट. मिस्त्रीने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. हॉटेलचं काम, न दिलेला दुसरा हात, न भरलेलं पाणी, बैठकीतलं ते वाक्य. आणि मग म्हणाला, "रविवारच्या सभेत मी सगळ्यांसमोर कबूल करतो. काय शिक्षा द्यायची ती द्या."

नर्सबाईंचे हात थांबले होते. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

"सभेत बोललात की तुमच्या छातीवरचा दगड उतरेल," त्या म्हणाल्या. "दोनशे माणसं म्हणतील, काय मोठ्या मनाचा माणूस. आणि ती बाई? तिला ते माइकवरून कळणार? आधी तिच्याकडे जा."

"जातो."

"थांबा. मीही येते. पाणी जपून वापर असं तिला सांगणारी मीच. तीस वर्षं रोग्यांच्या पाठी बघितल्या, पण तिच्या घरी जाऊन एकदा त्या माणसाची पाठ बघावी असं मला सुचलं नाही."

शिंपीण मशीनवर होती. मिस्त्री बोलायला लागला तेव्हा ती शिवतच राहिली. निम्म्यावर मशीन थांबलं. त्याचं बोलून झालं तरी ती सुईकडेच बघत होती.

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे काल सांधे भरायला आलात तेव्हाही."

"हो."

"चहा पिऊन गेलात तुम्ही."

तिने शिव्या दिल्या असत्या, घराबाहेर काढलं असतं, तर मिस्त्रीला सोपं गेलं असतं. नर्सबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने खांदा हळूच काढून घेतला.

"पोस्टमनकाकांना कोण सांगणार?" तिने विचारलं. "मी तर सांगणार नाही. मी त्यांची तीनदा माफी मागितलीय."

मिस्त्री खाली गेला. पोस्टमनने सगळं ऐकलं, छताकडे बघितलं, आणि चपला घालून वर गेला. दारातच उभं राहून शिंपिणीला म्हणाला, "मुली, मी दोन महिने तुझ्याशी बोललो नाही. म्हातारा झालो, पण अक्कल आली नाही." तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांना धार लागली. मिस्त्री जिन्यात उभा होता. वर जायची त्याची हिंमत झाली नाही.

बाथरूम फोडावं लागणार होतं. तीन आठवड्यांचं काम, आणि तोवर घरात राहणं शक्य नव्हतं. मिस्त्रीच्या बायकोने परस्पर जाऊन सांगितलं, "आमच्याकडे चला. आमचं बाथरूम तळमजल्यावर आहे, कितीही पाणी ओता." शिंपीण आधी नाहीच म्हणाली. मग नवऱ्याच्या पाठीकडे बघून तयार झाली.

ते तीन आठवडे मिस्त्री आयुष्यात विसरणार नाही. सकाळी तो शिंप्याला उचलून खुर्चीवर बसवायचा, कोमट पाण्याने आंघोळ घालायचा, नर्सबाईंनी दिलेलं मलम चट्ट्यांना लावायचा. आज ना उद्या शिंपी गुणगुणेल ह्या आशेने तो पाणी हळूहळू ओतायचा. शिंपी डावा हात मांडीवर ठेवून, ओठ मिटून बसायचा. चट्टे गेले. गुणगुणणं मिस्त्रीच्या घरात एकदाही ऐकू आलं नाही. शिंपीण मिस्त्रीच्या बायकोशी मोकळेपणाने बोलायची, हसायचीसुद्धा. त्याच्याशी कामापुरतं. 'मिस्त्रीभाऊ'चा आता नुसता 'मिस्त्री' झाला होता.

दिवसा तो इमारतीत एकटा घाम गाळायचा. त्याने एक हात दिला, दुसरा दिला, मनाचं समाधान होईना म्हणून तिसराही दिला. पाणी भरलं ते तीन दिवसांऐवजी आठवडाभर. पोस्टमन रोज छत बघायचा आणि जिन्यातून ओरडायचा, "कोरडं आहे रे बाबा, जा आता घरी."

आणि सभेतही तो बोलला. नर्सबाईंनी अडवलं नाही, पत्रकंही मागे घेतली. चार-पाच वाक्यांत त्याने सांगितलं आणि खाली बसला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सिमेंटच्या व्यापाऱ्याने उठून विचारलं, "मग बाकीच्या सातांची काय खात्री?" सगळी घरं पुन्हा तपासली गेली. सात कोरडी निघाली. पण शंका एकदा शिरली की शिरली. व्यापाऱ्याने हात आखडता घेतला, त्याचं बघून आणखी काहींनी. बेकरीवाल्याने मात्र गल्ला चालू ठेवला. विटा वाहणारेही येत राहिले. दुसरी इमारत उभी राहू लागली, पण वर्षभर उशिरा, आणि आठाऐवजी सहाच घरांची.

"तो भार तुम्ही डोक्यावर घेऊ नका," नर्सबाई त्याला म्हणाल्या. "लोक खोटं ऐकून देत होते. आता देतात ते खरं माहीत असून देतात." मिस्त्रीने मान हलवली. पण त्याला सहा आणि आठातलं अंतर कळत होतं.

नव्या घरांची यादी लागली तेव्हा तो फलकासमोर उभा होता. सहा नावं, मग एक रेघ, आणि रेघेखाली दोन नावं, 'प्रतीक्षेत'. शेजारी शाळेच्या बसचा ड्रायव्हर यादी वाचत होता. त्याचं नाव रेघेखालचं पहिलं. बायको आणि दोन पोरी घेऊन तो मेहुण्याच्या एका खोलीत राहायचा.

त्याने मिस्त्रीला ओळखलं आणि हात पुढे केला.

"सभेत तुम्ही बोललात ना, मी मागे उभा होतो," तो म्हणाला. "छाती लागते हो असं बोलायला. मी घरी जाऊन पोरींना सांगितलं."

मिस्त्रीने त्याचा हात हातात घेतला. माझ्यामुळे तुमचं घर गेलं, असं त्याला म्हणायचं होतं. पण तो माणूस मनापासून हसत होता, आणि मिस्त्रीला वाटलं की हे सांगून मोकळं होण्याचा हक्कही आपल्याला राहिलेला नाही.

"मेहुण्याकडे जागा पुरते का?" त्याने विचारलं.

"पुरवतो," ड्रायव्हर म्हणाला.

"येऊन जातो एकदा," म्हणत मिस्त्रीने खोलीचा पत्ता विचारून घेतला आणि सायकल काढली. नव्या इमारतीची बाथरूमही त्याच्याकडेच होती, आणि दुसऱ्या मजल्यावर त्या दिवशी स्लॅब घासायचा होता.