एकशे तेरानंतरचं पान

रविवारी दुपारी माणसाने झोपावं. पनवेलच्या शाळेत बावीस वर्षं खडू झिजवल्यावर एवढं मत मांडायचा मला अधिकार आहे. पण दोन वाजले की भामा हजर. ओटीवर फतकल मारायची, सूप पुढ्यात ओढायची आणि म्हणायची, "हां मास्तरीनबाय, वाचा."

भामा शेजारच्या गावची. नवरा मिठागरावर. माझे महिन्याचे तांदूळ ती पाखडून, निवडून द्यायची आणि त्या बदल्यात मी कादंबरी वाचून दाखवायची, असा आमचा ठराव. ठराव तिचाच, मला कोणी विचारलं नव्हतं. मला आपली मनातल्या मनात वाचायची सवय. मोठ्याने वाचलं की घसा बसतो, आणि सोमवारी पुन्हा साठ पोरींपुढे ओरडायचं असतं. तरी वाचायचे. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

त्या वर्षी वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणली होती. एका शनिवारी पुढचं प्रकरण चाळलं आणि पुस्तक मिटूनच ठेवलं. त्यात नायिकेची मुलगी तापाने जाते. भामाची रंभाही दोन वर्षांपूर्वी अशीच गेली होती. सात वर्षांची, माझ्याच वर्गातली. हजेरीपटावरून तिचं नाव मीच कमी केलं. त्यानंतर ते नाव भामाने माझ्यापुढे काढलं नाही, मीही काढलं नाही.

मी सुईदोरा घेतला आणि त्या प्रकरणाची पानं एकत्र शिवून टाकली. दुपारच्या पेंगेत चुकून उघडली जायला नकोत. वाचनालयाच्या पुस्तकाला टाके घालणारी मास्तरीण पंचक्रोशीत मी एकटीच असेन. भामासाठी शिवली असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर ते प्रकरण मोठ्याने वाचायची माझीच छाती नव्हती.

पण मी एक विसरले. तेव्हा सरकारने प्रौढांच्या साक्षरतेची टूम काढली होती. टूम सरकारची आणि कंदील माझ्या हातात. दिवसभराची शाळा उरकून संध्याकाळी बायकांचा वर्ग घ्यायचा. त्या वर्गात भामा पहिल्या रांगेत बसायची, आणि अक्षरांआधी तिला आकडे आले. मीच शिकवले.

दुसऱ्या दिवशी मी पान उलटलं तशी ती सूप ठेवून शेजारी सरकली. पानाच्या कोपऱ्यावर तिने बोट ठेवलं.

"एकशे तेराच्या पुडं एकशे बत्तीस कसा आला?"

"छापखान्याची चूक असेल."

तिने शिवण चाचपली. "छापखान्यात कवा धावदोरा घालतात?"

तिने दाताने दोरा तोडला, पुस्तक पदरात गुंडाळलं आणि अर्धे तांदूळ तसेच टाकून निघून गेली. आठवडाभर ती वर्गाला आली नाही. तो आठवडा मला फार जड गेला. पोरी पाढे म्हणत होत्या आणि मी ऐकतच नव्हते. भामा पुन्हा आपल्या ओटीवर येणार नाही, एवढंच डोक्यात. जिची कटकट वाटायची ती येणार नाही म्हणून मी झुरत होते, हेही त्याच आठवड्यात कळलं.

रविवारी दोनला ती आली. पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

"वाचला. आट दिस लागलं."

"सगळं कळलं?"

"कळला. पन रडू नाय आला." ती जमिनीकडे बघत बोलत होती. "पयला 'मे' लावला, मंग 'ली' लावला. मेली कोन ते जुळेपरेंत डोळं सुकलं. तुमी वाचता तवा तसा व्हत नाय."

"भामा, मी ती पानं..."

"कनाला शिवली ते ठाव हाय मना. घरात बी तसाच चाललाय. मी आली का सगली गप. दोन वर्सा झाली, पोरीचा नाव कोन काडत नाय." तिने सूप ओढलं. "आता वाचा. आनि त्या पोरीचा नाव येल तितं आमच्या पोरीचा घ्या."

छापील शब्द बदलू नये, असं बावीस वर्षं पोरींना बजावत आले. पण अठरा पृष्ठं गाळताना मला कुठे लाज वाटली होती? मी चष्मा पुसला आणि वाचू लागले. पहिल्याच परिच्छेदात ते नाव आलं. मी चष्मा पुन्हा पुसायला काढला.

"घ्या ना," भामा म्हणाली.

"रंभा," मी म्हणाले.

सुपातले हात थांबले. त्या प्रकरणात ते नाव अकरा वेळा येतं. पाचव्या वेळी भामाला रडू फुटलं. मला पहिल्याच वेळी फुटलं होतं, पण तिने मला थांबू दिलं नाही.