सैल झाकण

तवनाप्पांनी बाटली उलटी धरून तळहातावर दोनदा आपटली. एक थेंब पडला आणि हात ओला व्हायच्या आत नाहीसाही झाला.

"गेल्या शनवारी आणल्याली," ते म्हणाले. "गच्च भरल्याली हुती."

पत्र्याच्या शेडबाहेर बारा बायका प्लॅस्टिकचे मग घेऊन ताटकळल्या होत्या. द्राक्षाचे मणी ज्वारीच्या दाण्याएवढे झाले होते आणि आज एकेक घड जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या औषधाच्या, पाण्यात बुडवून काढायचा होता. आज म्हणजे आजच. उद्यापासून या बायकांची, तानुबाईची टोळी आष्ट्याच्या पलीकडच्या बागेत जाणार, ती आठ दिवस हाती लागणार नव्हती. तोवर मणी फुगायची वेळ निघून गेली असती, आणि बारीक मण्यांची बाग व्यापारी बांधावरूनच बघून परत फिरतो. जीएची पूड पाण्यात धड विरघळत नाही. ती आधी ॲसिटोनमध्ये विरघळवायची आणि मग पाण्यात घालायची, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि ॲसिटोनची बाटली रिकामी होती. आष्ट्यातलं औषधांचं दुकान दहाशिवाय उघडत नव्हतं, तोवर ऊन वर आलं असतं, आणि उन्हात हे काम चालत नाही.

ब्राह्मी दारात उभी राहून त्या बाटलीकडे बघत होती. मे महिन्यात ती तवनाप्पांच्या घरात सून म्हणून आली होती, आणि आष्ट्याच्या कॉलेजात अकरावीला रसायनशास्त्र शिकवत होती. रविवारी एका लग्नाहून आल्यावर नखांचा रंग काढायला तिने हीच बाटली उघडली. तेवढ्यात गोमटेशचा फोन आला. नवरा नोकरीला खंडाळ्याला, घरी येतो आठवड्यातून एकदा, मग फोन कसा सोडायचा? झाकण नुसतं वर टेकवून ती बोलत बोलत बाहेर गेली. नंतरचे पाच दिवस पत्रा रोज दुपारी तापला. छप्पन्न अंशांना उकळणारा द्रव उघडा ठेवू नये, हे ती ऐंशी मुलांना शिकवत होती आणि वर परीक्षेत त्यावर दोन गुण ठेवत होती.

"हरिबा," तवनाप्पांनी हाक मारली. "शेडाला लागून तुझी खोली हाय. प्यालास का सांडलास?"

हरिबा म्हणजे मळ्याचा राखणदार, तानुबाईचा नवरा. जतकडून मेंढरं घेऊन आला आणि मेंढरं विकून इथेच राहिला. दोन वर्षांपूर्वी त्याने बिरोबाचा भंडारा उचलून दारू सोडायची शपथ घेतली, तेव्हा कुठे तवनाप्पांनी त्याला मळ्यात खोली दिली. ज्यांच्या घरात कांदासुद्धा शिजत नाही, त्यांनी एवढं केलं याचं गावाला नवल वाटलं होतं. पण तेव्हापासून कुठलीही बाटली रिकामी झाली, की माणसं आधी हरिबाकडे बघत.

"मी हात न्हाई लावला, आण्णा."

"मग काय उडून गेलं?"

"उडून जातं, आण्णा," ब्राह्मी घाईघाईने म्हणाली. "पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून पाणी उकळायला शंभर अंश लागतात. ॲसिटोनच्या कणांची पकड सैल असते. जरा ऊब लागली की एकेक कण सुटून जातो."

शब्दन् शब्द खरा होता. फक्त एक वाक्य त्यात नव्हतं.

"तरी झाकण कुणी तरी काढलंच असंल की," तवनाप्पा म्हणाले. हरिबाने मान खाली घातली.

तवनाप्पांनी चिमूटभर पूड मगातल्या पाण्यात टाकून काडीने ढवळली. पूड गुठळ्या होऊन वर तरंगत राहिली. "ऊन पाणी घेतलं तर?"

"नको, जीए वाया जाईल." ब्राह्मी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत होती. "पाण्याचं आणि पुडीचं जमत नाही. दोघांशी जमवून घेणारं काहीतरी मध्ये हवं. स्पिरिट चाललं असतं. नाहीतर..."

"नाहीतर काय, वैनी?" हरिबाने विचारलं.

"दारू," ती खालच्या आवाजात म्हणाली.

हरिबा खोलीत गेला आणि पिशवीत गुंडाळलेली अर्धी बाटली घेऊन आला. तानुबाईने ती बघितली आणि तोंड फिरवलं.

तवनाप्पा बाटलीला शिवले नाहीत. "वेलीला चालत असंल तर घाल," ते सुनेला म्हणाले, "पर घरच्या भांड्यात नगं." आणि हरिबाकडे न बघता म्हणाले, "खोली रिकामी कर. आत्ताच."

ब्राह्मीने प्लॅस्टिकच्या मगात दारू ओतली, पूड घातली आणि ढवळत राहिली. दारूत निम्मं पाणीच, त्यामुळे वेळ लागला. पण हळूहळू गुठळ्या फुटल्या आणि मगाचा तळ स्वच्छ दिसू लागला. मग तिने ते ड्रममधल्या पाण्यात सोडलं. बायका मग भरून ओळींत शिरल्या. बाग वाचली होती. ब्राह्मीचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. खोलीतून पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज येत होता. तिने एक मग घेतला, ओळीपर्यंत गेली, एकही घड न बुडवता परत आली. तवनाप्पा काठीने ड्रम ढवळत होते.

"आण्णा, ते झाकण मी..."

"ठाऊक हाय मला." त्यांची काठी थांबली नाही. "शेडातलं लाल कापसाचं बोळं सोमवारी मीच उचलून टाकलं. तवा बाटली बघायचं सुचलं न्हाई."

ब्राह्मी त्यांच्याकडे बघतच राहिली. "मग हरिबातात्यांना का...?"

"बारा बायकांम्होरं सुनंचं नाव घिऊ? त्याला बोलणी खायची सवय हाय. सांजच्याला समजूत घातली असती त्याची. पर आता बाटली निघाली, आता विषय येगळा झाला. तू जा, कालेजला उशीर व्हतोय."

खांद्यावर पेटी घेऊन हरिबा बांधाने निघाला होता. तिच्या मनात आलं, या माणसाला आपणच दारूचं नाव काढून त्याची बाटली बाहेर काढायला लावली. तिला स्वतःची शिसारी आली.

ती ओळींच्या तोंडाशी गेली आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात बोलली.

"हरिबातात्या, थांबा. ती बाटली मी उघडी टाकली होती. नखं पुसायला घेतली होती, झाकण लावलं नाही. तुमच्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसले."

वेलींखालचे हात थांबले. हरिबा थांबला, पण त्याने पेटी खाली ठेवली नाही. तो तिच्याकडे बघतही नव्हता, त्याची नजर ड्रमपाशी उभ्या असलेल्या तवनाप्पांवर होती.

तानुबाई ओळीतून बाहेर आली. तिच्या कोपरापासून पाणी निथळत होतं. तिने ब्राह्मीकडे एकदा नीट बघितलं आणि मालकाकडे वळली.

"आण्णा," ती म्हणाली, "वैनी बोलल्या. आता तुमी बोला."

तवनाप्पांनी काठी ड्रमच्या काठाला टेकवली.