सात भोकांचा पट्टा

उस्तादांनी पट्टा चिमट्यात धरून खिडकीशी नेला आणि आरीच्या टोकाने बक्कलाखाली साचलेलं उकरलं. निघालं ते केसांचं गुंतवळ. वाळलेल्या रक्तात कडक झालेलं, तांबूस, मध्येच कातडीचा एक पापुद्रा. वास नाकात शिरला तसे ते मान वळवून खोकले.

“शी!” ते म्हणाले. “शी, शी, शी!”

दाराशी घोडेस्वार उभा होता. तिशीचा, उन्हाने काळवंडलेला, टोपी दोन्ही हातांत धरलेली. त्यानेच आपले दोन पट्टे आणून टेबलावर ठेवले होते, लोखंडी काट्यांसकट. बुटाच्या टाचेमागे बसणारा काटा, त्याच्या टोकाला बोथट दातांचं छोटं चाक, आणि तो काटा बुटाला आवळून धरणारा हा चामडी पट्टा. पट्टा उस्तादांच्या हातचा. पावलाच्या चढावर नीट बसावा म्हणून विळ्यासारखा बाक दिलेला आणि शेपटाला सात भोकं. बूट जाड असो की पातळ, पाय सुजो की मोजे बदलोत, एक भोक इकडे नाहीतर एक तिकडे केलं की काम भागलं. आसपासच्या तबेल्यांत सात भोकांचा पट्टा म्हटलं की दुसऱ्या कुणाचं नाव निघत नसे.

सारा जन्म चामड्यात गेला, पण उस्तादांचं नाक मोठं तिखट. कच्ची कातडी दुकानात आली की ते तोंडाला रुमाल बांधत. गिऱ्हाइकाच्या बुटाला लीद दिसली तर त्याला पायरीवरूनच परत पाठवत. गल्लीने त्यांचं नाव ‘नाकमुरडे’ ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा त्यांना थोडा अभिमानच होता. ज्याला घाण खपत नाही त्याच्या हातून घाण काम होत नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

“किती दिवस छळलंस त्या घोडीला?” त्यांनी विचारलं.

“मी काटा लावलाच नाही, काका. ते चाक बघा ना. चाकाला एक केस नाही.”

“चाक धुता येतं.”

“धुवायचंच असतं तर पट्टाही नसता का धुतला? आहे तसा घेऊन आलोय. जखमसुद्धा एकाच बाजूला आहे, उजवीकडे. उजवीकडे वळायचं म्हटलं की ती बिचकते. मला वाटलं पट्टा सैल पडतोय, म्हणून एक भोक आवळला. तर जास्तच बिचकायला लागली. मग दोन भोकं सैल केला. तरी तेच. उजव्या पायाचं बक्कल जरा—”

“आता बक्कलाला बोल लाव!” उस्ताद कडाडले. “मुक्या जनावराच्या अंगाची चाळण करायची आणि वर माझ्या बक्कलाला बोल लावायचा. लाज नाही वाटत?”

स्वाराने टोपी एकदा फिरवली. “मीच मॅनेजरसाहेबांना म्हणालो, उस्तादांना दाखवू. त्यांना बघितल्याबरोबर कळेल.”

“कळलं. जा आता. आणि दाराला हात लावू नकोस.”

तो गेला. जाताना त्याने दाराला खरंच हात लावला नाही, खांद्याने ढकलून बाहेर पडला. कोपऱ्यात लाकडी शिकंज्यात लगाम अडकवून दोन सुयांनी टाके घालत बसलेल्या सुनेने तेवढं पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. मुलगा जहाजावर नोकरीला लागल्यापासून दुकानातली सगळी शिलाई तिच्याकडे होती. बोलणं कमी, हात चलाख. कच्ची कातडी धुवायचं कामही तिचंच, आणि ती तोंडाला रुमाल वगैरे काही बांधत नसे.

“बाबा, जखम एकाच बाजूला कशी होईल हो?” थोड्या वेळाने तिने विचारलं.

“उजव्या पायात जोर जास्त असेल मेल्याच्या.”

तिने दोरा मेणातून ओढला.

स्वार ज्या तबेल्यात नोकरीला होता, त्याचा एक जुना रिवाज होता. घोड्याला इजा झाली आणि सामानावरून वाद निघाला, की शेवटचा शब्द सामान बनवणाऱ्या कारागिराचा. उस्तादांच्या वडिलांपासून हे चालत आलेलं. कारागिराने लिहून दिलं की मालक मग दुसऱ्या कुणाला विचारत नसत. माणूस दोषी ठरला तर त्याच्या नोकरीच्या पुस्तकात तसा शेरा पडे, आणि तो शेरा असलेल्या माणसाला पुढे कुठलाच तबेला दारात उभा करत नसे. चार वाजता तबेल्याचे मॅनेजर येणार होते, कागद न्यायला.

उस्तादांनी आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, मग कागद पुढे ओढला. त्यांचं अक्षर वळणदार होतं. ‘पट्टे मी स्वतः पाहिले. पट्ट्यांत दोष नाही. दोष माणसात आहे.’ शेवटचं वाक्य त्यांना फार आवडलं. त्यांनी ते सुनेला वाचून दाखवलं.

“छान आहे,” ती म्हणाली. वर न बघता.

आता ते पट्टे तसेच टेबलावर पडलेले त्यांना बघवेनात. त्यांच्या हातचं काम, आणि त्यावर माश्या! त्यांनी घमेल्यात कोमट पाणी घेतलं, फडकं घेतलं, आणि फळीवरून दोन लाकडी पाय खाली काढले. पट्टा धुवायचा तर पायावर चढवून धुवायचा, म्हणजे वाळताना त्याचा बाक बिघडत नाही. डावा पट्टा डाव्या पायावर चढवला. बक्कल बाहेरच्या अंगाला, शेपूट मागे वळलेलं. हे ते न बघता करत. मग चिमट्याने दुसरा उचलला, तोंड दुसरीकडे करून उजव्या पायावर बसवला, आणि बक्कल चाचपायला बोट बाहेरच्या बाजूला नेलं.

बोटाला नुसतं चामडं लागलं.

त्यांनी वळून पाहिलं. बक्कल आतल्या अंगाला होतं. स्वार खोगिरावर बसला की पायाची जी बाजू घोड्याच्या पोटाला लागते, नेमकी त्या बाजूला.

आपलीच घाई झाली म्हणून त्यांनी पट्टा काढला आणि उलटा करून चढवला. बक्कल बाहेर आलं, पण चामड्याची खरखरीत बाजू वर आली. नुसता फिरवून बसवला, तर बाक टाचेकडे गेला. पुन्हा काढला. आता चिमटा बाजूला पडला होता. दोन्ही पट्टे काढून त्यांनी एकावर एक ठेवले. काठाला काठ, भोकाला भोक, बक्कलावर बक्कल. दोन्ही हात पालथे एकावर एक ठेवले की अंगठे दोन दिशांना जातात, तसे जोडीतले पट्टे दोन दिशांना जायला हवेत. हे दोन्ही एकाच दिशेला गेले.

दोन्ही डावे होते.

पट्टा कापायचा पुठ्ठ्याचा फर्मा एकच असतो. एकदा सरळ ठेवून डावा कापायचा, मग पालथा करून उजवा. दुकानात नवं आलेलं माणूसही पहिल्या आठवड्यात हे शिकतं. उस्तादांना तो दिवस लख्ख आठवला. दोन महिन्यांपूर्वीचा. व्यापाऱ्याने नीट न कमावलेलं चामडं गळ्यात मारलं होतं. त्याला असा काही दर्प होता की रुमालातूनही डोळ्यांत पाणी येत होतं. दुसरं आणवून घ्यायचं तर चार दिवस गेले असते. म्हणून श्वास कोंडून, कधी एकदा हातावेगळं होतंय असं करत, त्यांनी ते पट्टे कापले होते. फर्मा उलटला नव्हता.

आणि हेही आठवलं, की शिवून झाल्यावर सून पट्टे हातात घेऊन म्हणाली होती, “बाबा, दोन्ही एकसारखेच दिसतायत.”

“जोडी आहे ती,” ते म्हणाले होते. “एकसारखी नाही तर काय सासू-सुनेसारखी दिसणार?” समोरचं गिऱ्हाईक खो खो हसलं होतं.

मग दोन महिने ते बक्कल घोडीच्या बरगडीवर घासत राहिलं. आवळलं की रुतलं, सैल केलं की सरकून जास्त घासलं. सातही भोकांत कुठे सुटका नव्हती. स्वार नवा, विचारणार कुणाला? आणि तबेल्यात कुणाचं लक्ष गेलं असलं, तरी उस्तादांच्या पट्ट्यावर शंका घ्यायची हिंमत कोण करणार?

घड्याळात पावणेतीन वाजले होते. सव्वा तास होता.

उस्ताद उठले. त्यांनी त्याच रंगाचं चामडं शोधलं, फर्मा ठेवला, एकदा ठेवला आणि मग पालथा केला. चामडं कापायची रापी चालवली. सात भोकं पाडली, कडा घासल्या. अर्ध्या तासात असा उजवा पट्टा तयार झाला की बघत राहावं. फक्त बक्कलाचे टाके राहिले होते. जुन्या पट्ट्याचं बक्कल उसवून, पाण्यात बुडवून, त्यांनी नव्या पट्ट्यासोबत ठेवलं असतं, पण त्याला हात लावायचं अजून धाडस होत नव्हतं. त्यांनी खणातून दुसरं काढलं आणि सगळं सुनेपुढे नेलं.

“हे शिव. तसेच टाके, जुन्यासारखे. मग वरून काजळी आणि तेल चोळू. नवं दिसायला नको.”

तिने पट्टा हातात घेतला नाही. तिने आधी टेबलाकडे पाहिलं, तिथे एकावर एक ठेवलेल्या दोन डाव्या पट्ट्यांकडे. मग कागदाकडे. मग या नव्याकोऱ्या, स्वच्छ, सुरेख कापलेल्या पट्ट्याकडे. आणि तिचं नाक मुरडलं गेलं. सडक्या कातड्यांत दिवस दिवस हात घालून बसणाऱ्या बाईचं नाक इतक्या वर्षांत मुरडलेलं उस्तादांनी कधी पाहिलं नव्हतं.

“मी नाही शिवणार, बाबा.”

“का?”

“किळस येते मला याची.”

“अगं, अर्ध्या तासाचं काम आहे! चाळीस वर्षांचं नाव आहे माझं. एका पट्ट्यापायी मातीत घालू?”

“आणि त्याचं?” ती म्हणाली. “त्याचं नाव किती वर्षांचं आहे हो?”

तिने सुया शिकंज्यावर खोचून ठेवल्या आणि मांडीवर हात घेऊन बसली. रागावली नव्हती, रडत नव्हती.

उस्ताद घमेल्याशी गेले. साबण घेतला, हात चोळले, धुतले, नाकाशी नेले. मग पुन्हा चोळले. वास जात नव्हता. रक्ताचा म्हणावा तर त्या बक्कलाला त्यांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं. तिसऱ्यांदा धुतल्यावर त्यांनी हात खाली सोडले. हेच हात दाखवून ते माणसांना पायरीवरून परत पाठवत आले होते. त्यांना त्या हातांची शिसारी आली.

नवा पट्टा त्यांनी रापीने आडवा कापला. दोन तुकडे केले, चार केले, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. कागद उचलला, ते आवडलेलं वाक्य एकदा वाचलं आणि तोही त्याच डब्यात गेला. मग त्यांनी लाकडी पाय टेबलाच्या मधोमध, दाराकडे बोटं करून, शेजारी शेजारी मांडले आणि दोन्ही डावे पट्टे त्यांवर चढवले. चिकटलेले केस तसेच राहू दिले.

मॅनेजर चारच्या ठोक्याला आले. पांढरे हातमोजे, अत्तराचा दरवळ, तोंडावर कामं भराभर उरकणाऱ्या माणसाचं हसू.

“झालं का लिहून, उस्ताद? त्या गड्याने सामान बांधून ठेवलंय. फक्त पुस्तकात शेरा तेवढा...” बोलता बोलता ते टेबलापाशी आले, आणि दोन पावलं मागे सरले. हातमोजा नाकाशी गेला. “शी! काय हे? कुणी केलं असं?”

सुनेने मान वर केली.

“मी,” उस्ताद म्हणाले.

मॅनेजर थट्टा समजून हसले. उस्तादांनी चिमटा शोधला नाही. उजव्या पायावरचा पट्टा त्यांनी उघड्या हाताने सोडवला, बक्कलावरच्या त्या गुंतवळासकट तळहातावर घेतला, आणि मॅनेजरांना नीट दिसावा म्हणून पुढे धरला.

“जवळ या,” ते म्हणाले. “लांबून कळायचं नाही.”