ऊन सरल्यावरची वीज

मी तळातली पट्टी बोलतेय. छतावर उन्हात मिरवतो तो माझा वरचा सोबती, काळा, चकचकीत सौरघट. उजेडाची वीज तो करतो आणि सगळं कौतुकही त्याच्याच वाट्याला येतं. मी त्याच्या पाठीला चिकटलेली. त्याला नको असलेली उष्णता तो माझ्या अंगावर ढकलतो. माझी एक बाजू तापलेली, दुसरी पाण्याच्या नळीनं गार, आणि या दोघींच्या ओढाताणीतून मीही वीज करते. थोडीच करते, पण दुसऱ्याच्या उष्ट्यावर वाढलेल्यांनी फार तोरा दाखवू नये.

आम्हाला जोडलं धाकटीनं. ती मोटारी दुरुस्त करायची. तिची अक्का एका कुलूपवाल्याला दिलेली. खाली त्याचं दुकान, वर एक खोली, त्यावर छत. तारेवरची वीज सारखी जायची, म्हणून अक्काच्या खोलीत दिवा आणि पंखा चालावा, एवढ्यासाठी धाकटीनं आम्हाला तिथे बसवलं.

कुलूपवाल्याला हात उगारायला कारण लागत नसे. गिऱ्हाईक आलं नाही की तो मारायचा, आलं तरी मारायचा. दुकानात जाताना तिला कोंडून जायचा. पण संसारात अक्कानं दुसरं काही मिळवलं नसलं तरी नवऱ्याची विद्या मिळवली होती. केसातल्या आकड्यानं ती दाराचं कुलूप आतून उघडायची. दोनदा ती जिन्यापर्यंत पोचली आणि दोनदा त्यानं तिला केसांना धरून वर ओढलं.

मग त्यानं दाराला भोंगा बसवला, फटभर उघडलं तरी बोंबलणारा. दिवा-पंखा तोडून आमची वीज त्याला जोडली. तार लोखंडी नळीतून नेली, तोंडाशी कुलूपबंद पेटी. बॅटरी मात्र घेतली नाही. रात्री तो स्वतःच खोलीत असायचा, मग खर्च कशाला?

अक्कानं बेत केला. ऊन गेलं की वीज गेली. तिन्हीसांजेला तो गिऱ्हाइकांत गुंतलेला असतो, तेवढ्यात निसटायचं. तिला वरचा ठाऊक होता, मी ठाऊक नव्हते. सूर्य बुडाला, वरचा झोपला, तिनं दार उघडलं. पण त्याच्या पाठीचा पत्रा अजून भाजत होता, नळीतलं पाणी गार होतं आणि मी जागी होते. भोंगा बोंबलला.

तो वर आला. तिचा उजवा हात त्यानं चौकटीत धरला आणि लाथेनं दार आपटलं. मग पुन्हा आपटलं. बोटं मोडल्याचा आवाज मला छतावर ऐकू आला. माझा नुसता संताप झाला, पण आमच्यासारख्यांच्या संतापाला कोण विचारतो?

धाकटी भेटायला आली तेव्हा त्यानं दुकानातूनच सांगितलं, अक्का जिन्यावरून पडली. धाकटी परत गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती शेजारच्या छतावरून आमच्याकडे उतरली. हातात गोणपाट आणि हातोडी. तिनं झरोक्याला तोंड लावून हाक मारली.

"ऊन गेलं होतं गं, तरी वाजला," अक्का आतून म्हणाली.

"खालची पट्टी जागी असते, अक्का. मीच बसवलीय. मी सांगेन तेव्हाच दार उघड."

तिनं आमच्यावर गोणपाट टाकलं. खाली किल्ल्या घासायचं यंत्र किंचाळलं की ती घाव घालायची, थांबलं की हात आवरायची. पहिल्या घावात वरच्याची काच गेली. मग माझी पाळी. ती रडत होती आणि मारत होती, आणि मला वाटत होतं, अजून जोरात मार गं बाई. शेवटचा घाव पडला तेव्हा मात्र यंत्र थांबलेलं होतं.

"उघड," धाकटी म्हणाली आणि जिन्याकडे धावली.

डाव्या हातानं अक्कानं दार उघडलं. भोंगा गप्प. जिना चढून आलेला नवरा उघडं दार बघून क्षणभर थबकला. खोलीत त्याच्याच मालाच्या पेट्या होत्या. त्यातलं सगळ्यात जड कुलूप तिनं त्याच्या तोंडावर हाणलं. दात पडले. पडता पडता त्यानं तिचा घोटा धरला. धाकटीनं त्या मनगटावर हातोडी घातली, तो सोडेपर्यंत घातली. मग दोघी बहिणी त्याला ओलांडून उतरल्या. त्या पुन्हा दिसल्या नाहीत.

तो मेला नाही. असली माणसं चिवट असतात.

आज त्यानं मला पिशवीत भरून तुमच्या टेबलावर आणून ओतलंय, दुरुस्तीवाले दादा. त्याचा एक हात अजून वाकडाच आहे. तुम्हाला तो गोड बोलून म्हणाला, "नीट जोडून द्या. पुढच्या महिन्यात घरात नवीन माणूस येतंय."

तुम्ही मला उलटसुलट करून पाहिलंत. माझे काही तुकडे शाबूत आहेत, हे तुम्हाला कळलंय आणि तुम्ही सोल्डरिंग गन तापायला ठेवलीय. माझ्या जातीच्या वस्तू अशा वेळी हात जोडून म्हणतात, मला वाचवा. मी म्हणते, ती गन बंद करा. त्याला सांगा, ही पट्टी कामातून गेली, आता जुळायची नाही. खोटं बोलावं लागेल. बोला.