माप न लिहिलेली बटणं

शिवलीला सीमेवरच्या निपाणीची. म्हणजे बेंगळुरात ना इकडची ना तिकडची. तिचं कन्नड ऐकलं की दुकानदार "हुबळीकडच्या का?" म्हणून हसतात. ऑफिसातली पुण्याची शलाका तिचं मराठी ऐकून "किती गोड बोलतेस गं!" म्हणते, आणि असं गोड म्हटलेलं हसण्याहून जास्त लागतं. म्हणून महादेवपुऱ्यातल्या त्या गोदामात शिवलीला हिंदी-इंग्रजीवर दिवस काढायची. पोटापुरती भाषा तेवढी पुरते.

गोदाम बटणं, चेन आणि दोऱ्याचं. शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यांना इथून माल जायचा. रॅकवरून माल काढायला चाकांवरचे बुटके रोबो होते. कारखान्याच्या कॉम्प्युटरवरून ऑर्डर इंटरनेटनं थेट त्यांच्यापर्यंत यायची. या यंत्रांनी आपसांत कुठल्या नियमानं बोलायचं, ते ठरवायचं काम शिवलीलाचं. यंत्रांची रीत माणसांपेक्षा कडक. आधी "आहेस का?", मग "आहे", मग निरोप, मग "मिळाला". काही काम नसलं तरी थोड्या थोड्या वेळानं एकमेकांना "आहेस ना?" विचारायचंच. हे सगळं तिनंच बसवलेलं. दिवसभर लोखंडाचे ठोकळे एकमेकांची चौकशी करत, आणि आई गेल्यापासून तिला मात्र "जेवलीस का?" म्हणून कुणी विचारत नव्हतं. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर ती हसली असती.

नाही म्हणायला एक माणूस होता, आप्पाजी. येलहंक्याच्या एका शर्टांच्या कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे. घराणं तीनेकशे वर्षांपासून इथलंच. मराठी घरात टिकलेली, पण कन्नड मिसळून वाकडी झालेली. शिवलीलानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, नुसता फोनवरचा आवाज ओळखीचा. दोघांचंही बोलणं वाकडं, मग हसायचं कुणी कुणाला?

फोनचं निमित्त बटणांचं. बटणं ग्रोसनं विकतात, म्हणजे बारा डझनांचा एक गठ्ठा. ऑर्डर भरताना नग, डझन की ग्रोस ते एका रकान्यात लिहायचं असतं. आप्पाजी आकडा लिहायचे आणि माप विसरायचे. माप नाही म्हटल्यावर रोबो रॅकसमोर पिवळा दिवा लावून उभा राहायचा. मग नियमाप्रमाणे इकडच्या माणसानं, म्हणजे शिवलीलानं, फोन करून विचारायचं.

"अण्णा, ग्रोसच नव्हं?"

"ग्रोसच अक्का, ग्रोसच. आमच्याकडं दुसरं काय असतंय?" आप्पाजी मोठ्यानं हसायचे. "जेवण झालं काय?"

"व्हायचंय. तुमचं?"

"झालं की. नाचणीची मुद्दे आणि पालेभाजीचं सारू. तू पण स्वल्प वेळेवर खात जा."

एवढंच. कधी त्यांच्या बायकोचा गुडघा, कधी येलहंक्याचं रेल्वे फाटक. पण तेवढ्यावर शिवलीलाचा दिवस निघायचा. या कारखान्याचं माप रिकामं आलं तर ग्रोस समजावं, अशी एक ओळ लिहिली असती तर रोबो कधीच थांबला नसता. तिला हे पहिल्यापासून माहीत होतं. उद्या लिहू म्हणत तिनं ती ओळ लिहिली नव्हती. उद्याचा फोन कोण सोडणार?

एक दिवस तिचे साहेब, कृष्णमूर्ती, तिच्या टेबलाशी आले. रोबो थांबला की मागचे चार अडकतात, हे त्यांचं नेहमीचं रडगाणं होतंच. पण त्या दिवशी ते खुशीत होते. "तुझी ती कटकट मिटली बघ. येलहंक्याच्या म्हाताऱ्याला स्टोअरवरून काढताहेत. आपला रिपोर्ट जातो ना त्यांना, दर वेळी थांबण्याचं कारण म्हणून त्याचंच नाव. पॅकिंगला उभा करणार म्हणे त्याला."

तो रिपोर्टही शिवलीलानंच बसवला होता आणि आपोआप जातो म्हणून विसरून गेली होती. आपल्या दोन घटकांच्या गप्पांसाठी तिनं त्या माणसाचं नाव रोज वर पाठवलं होतं. तिला स्वतःचीच किळस आली.

साहेब वळायच्या आत तिनं ती ओळ लिहिली. मग येलहंक्याला मेल केली, साहेबांना समोर बसवून. 'थांबण्याचा दोष आमच्या नियमाचा होता, तुमच्या माणसाचा नव्हे. नियम आता सुधारला आहे.' साहेबांचं तोंड आंबट झालं, पण ते नाही म्हणाले नाहीत. संध्याकाळी उत्तर आलं, आप्पाजी स्टोअरवरच राहणार.

दुसऱ्या दिवशी बटणांची ऑर्डर आली, माप रिकामं. रोबो क्षणभरही न थांबता रॅकशी गेला आणि माल घेऊन आला. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. शिवलीला काचेतून बघत राहिली. माणूस वाचवल्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही होता. पण त्या आनंदाला जेवणाच्या वेळी करायला काहीच नव्हतं. शुक्रवारी तिच्यानं राहवलं नाही.

"अण्णा, मी शिवलीला."

"अक्का?" आवाज दचकलेला. "परत थांबलं काय मशीन?"

"नाही ओ. आता नाही थांबायचं ते."

"व्हय, साहेब सांगितले. लई उपकार झाले बघ." ते भडाभडा बोलायला लागले. "खरं सांगू काय? तुझा फोन वाजला की आज नोकरी जाते म्हणायचो. साहेब मागंच उभे असायचे. आता सुटलो बघ, रात्री झोप लागते."

"पण तुम्ही तर हसायचा. जेवलीस का विचारायचा."

"विचारायला नको? तू रागानं वर काय तरी लिहिली असतीस तर?" ते हसले. मग त्यांचं हसणं मध्येच थांबलं. "आज कशाला फोन केलीस?"

"असंच. तुमचं जेवण झालं काय, विचारावं म्हटलं."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. घाईघाईनं, एकामागून एक. आप्पाजी पुन्हा बोलले तेव्हा आवाज बारीक झाला होता.

"मॅडम, आज आम्ही सगळं बरोबर भरलंय. माप पण लिहिलंय. तुम्ही एकदा बघून घ्या, मॅडम."

"व्हय," शिवलीला म्हणाली, "सगळं बरोबर आहे."