लहानथोरांस यथायोग्य

मी एक ओव्हरकोट बोलतोय. करड्या लोकरीचा, वयानं साठीच्या पुढचा. नमस्कार केला नाहीत तरी चालेल, पण बाही ओढू नका, शिवण उसवते.

परदेशातल्या एका शिंप्यानं मला एका जाड्या कारकुनासाठी शिवलं. कारकून आणखी जाडा झाला आणि मी जुन्या कपड्यांच्या दुकानात आलो. तिथेच आमचे मालक शिरले. शिकायला आलेले, काडीसारखे, कुडकुडत. दुकानदार पक्का. त्यानं मालकांना आरशासमोर उभं केलं, पाठीमागून माझं जास्तीचं कापड मुठीत धरलं आणि म्हणाला, "जणू तुमच्याच मापाचा!" मालक खूश. दुकानाबाहेर पडल्यावर कळलं, माझ्यात आणखी एक विद्यार्थी सहज मावला असता. धंद्यात असा सफाईदार हात मी पुन्हा पाहिला नाही.

दोन वर्षांनी मालक मायदेशी परतले आणि मी कपाटात, डांबरगोळ्यांच्या संगतीत. चाळीस वर्षं. पण कपाटातून सगळं ऐकू येतं.

लग्नाला तीन महिने होतात न होतात तोच मालक शिकायला गेले होते. पत्रं यायची ती वडिलांच्या नावानं, आणि वडील ती चष्मा लावून अख्ख्या घराला वाचून दाखवायचे. शेवटची ओळ ठरलेली: मी मजेत आहे, लहानथोरांस यथायोग्य.

"त्या लहानथोरांत मी नक्की कुठे बसत होते हो?" बाईसाहेब विचारायच्या. "एकदा तरी आठवण आली का?"

"अगं, अभ्यासातून मान वर करायला सवड कुठे होती!"

बाईसाहेब हसायच्या, पण प्रश्न काही सुटायचा नाही.

यंदा मालक म्हणाले, "चल, तुला माझं कॉलेज दाखवतो." मला बाहेर काढलं. पूर्वी अंगात ढगळ होणारा मी, आता पोटावर बटण लागेना.

पाहतो तर कॉलेजच्या जागी गाड्यांचा तळ, खाणावळीच्या जागी चष्म्यांचं दुकान. "इथेच होतं गं!" मालक दर कोपऱ्यावर म्हणत. "असेल हो," बाईसाहेब म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय म्हणजे असेलच."

मालक तेव्हा भाड्यानं राहायचे ते घर मात्र सापडलं. दार नव्वदीच्या घरमालकिणीनं उघडलं. मालकांचं टक्कल पाहून आजीबाईंना काही उमगेना. मग त्यांची नजर माझ्या तिसऱ्या बटणावर गेली. वेगळ्या रंगाचं, त्यांनीच लावलेलं. मग काय, आपल्या भाषेत त्या भडाभडा बोलू लागल्या. माझी ती मातृभाषा. बाईसाहेबांना अक्षर कळेना.

"हा पत्र लिहायचा, पाकीट चिकटवायचा आणि जिन्यात बसून रडायचा," आजीबाई सांगत होत्या. "बायकोचा फोटो मला रोज दाखवायचा. रोज!"

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, मुलगा फार अभ्यासू होता."

"एवढ्या लांबलचक बोलण्याचं एवढंसंच?"

आजीबाईंनी काय ते ओळखलं. त्यांनी माझी बाही धरली, आपल्या डोळ्यांवर घासली, मोठ्यानं हुंदके देऊन दाखवले, मालकांकडे बोट केलं. मग बाईसाहेबांची हनुवटी उचलून मान डोलावली: हीच ती.

मालक छताकडे पाहू लागले.

"अहो," बाईसाहेब त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "मग लिहिलं का नाहीत?"

"बाबा मोठ्यानं वाचायचे ना गं."

बाईसाहेब हसता हसता रडल्या की रडता रडता हसल्या, मलाही कळलं नाही. मग म्हणाल्या, "आता लिहा. माझ्या नावानं."

म्हणून आत्ता मालक हॉटेलच्या टेबलाशी बसलेत. तीन कागद फाडून झाले. मी बाईसाहेबांच्या खांद्यावर आहे. एवढीच विनंती: पत्र पुरं होईपर्यंत मला कपाटात टांगू नका. मलाही वाचायचंय.